उचंत खातं

मामांच्या खतावणीत एक पान रेल्वेच्या नावाचं आहे. वर 'श्री', त्याखाली 'खाते नगर-बीड-परळी रेल्वे', डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. आधीच्या पानावर पेरणीला उचल नेलेला कुणी शेतकरी, पुढच्या पानावर बारदान नेऊन पैसे बुडवलेला व्यापारी आणि मधे ही रेल्वे. मामांची बीडच्या मोंढ्यात आडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून द्यायचं दुकान. दुकान बंद होऊन पंधरा वर्षं झाली, मामेभावानं गाळा भाड्यानं दिला. काटा, मापं, गादी, लोड, सगळं गेलं. लाल कापडी पुठ्ठ्याची ही लांबडी वही तेवढी मामांनी घरी आणली आणि अजूनही लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू पडतं.

रेल्वेचं खातं कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. "उधारी आहे," मामा म्हणाले होते.

आडतीचा हिशेब सरळ असतो. आपण दिलं ते नावे, समोरून आलं ते जमा. म्हणून नावेच्या बाजूला मोर्चे, बीड बंद, उपोषणं, निवेदनं आहेत आणि त्यांच्या मधे मधे एकाच साच्याची ओळ येते : 'खासदारांनी लोकसभेत प्रश्न विचारला.' शेजारी तारीख आणि टाचणीनं टोचलेलं कात्रण. जमेची बाजू बराच काळ कोरी. मग १९९५ सालची एकच ओळ, 'मंजुरी'. अंतर २६१ किलोमीटर, खर्च तेव्हाच्या अंदाजानं साडेतीनशे कोटींच्या घरात. ही ओळ मामांनी लाल शाईनं लिहिलीय. तिच्याखाली पुन्हा कोरं.

२०२५च्या मे महिन्यात मामांचा फोन आला. "गाडी यायली म्हणतेत यंदा. त्याच्या आत नावेची बाजू पुरी करून दे. कात्रणं वाळवीनं खाल्ली. तुझ्या त्या मशिनवर सगळं असतंय ना?"

असतं. लोकसभेचं १९५२ पासूनचं कामकाज आता घरबसल्या वाचता येतं. पिवळी पानं तशीच्या तशी उतरवून ठेवलीत. मी पोटासाठी सरकारी कागदांचे अनुवाद करते, त्यामुळे त्या भाषेचा मला धसका नाही. आठ-दहा दिवसांची सवड काढली आणि लॅपटॉप घेऊन बीडला गेले.

पहिली संध्याकाळ वाया गेली. इंग्रजीत 'बीड' टाकून शोधत होते आणि जुन्या वर्षांत काहीच हाती लागत नव्हतं. "आपल्या खासदारांनी तोंडच उघडलेलं दिसत नाही," मी म्हटलं. मामा खाटेवर पडून ऐकत होते. जरा वेळानं म्हणाले, "भीर टाक, भीर. जुन्या कागदांवर भीरच राहायचं." भीर टाकलं आणि पानं पडायला लागली. दिल्लीच्या लेखी आमच्या जिल्ह्याचं नाव इतकी वर्षं भीर होतं, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नव्हतं.

रोज संध्याकाळी मी वाचायचे, मामा ऐकायचे आणि पेन्सिलीनं वहीत टिपायचे. दुसऱ्याच दिवशी भांडण झालं. मी सांगितलं की लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात आणि २३० अतारांकित. तारांकित म्हणजे मंत्र्यानं उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, वर पुरवणी प्रश्नही झेलायचे. अतारांकिताचं उत्तर नुसतं कागदावर येतं. कुणाचा प्रश्न कुठल्या दिवशी वर लागणार ते चिठ्ठ्यांवर ठरतं, आणि वीसातले पाच-सहा होईतो प्रश्नोत्तराचा तास संपतो.

"म्हणजे तोंडानं विचारलाच नाही?" मामा उठून बसले.

"बहुतेक वेळा कागदावरच असतो, मामा."

"पेपरात तर 'लोकसभेत आवाज उठवला' असं राहायचं."

त्यांनी वही ओढली आणि ज्या नोंदींचा पत्ता लागला होता त्यांच्यापुढं बारीक अक्षरात 'तों.' किंवा 'का.' लिहायला सुरुवात केली. तोंडी आणि कागदी. का. जास्त झाले तसे ते गप्प होत गेले. खरं तर अतारांकित प्रश्नाची किंमत कमी नसते. मंत्र्याच्या सहीनं किती किलोमीटर झालं, किती पैसे सुटले, जमीन कुठं अडली हे आकड्यांत बाहेर येतं आणि पुढच्या वेळी तेच आकडे मंत्र्यापुढं धरता येतात. पण आयुष्यभर मोंढ्यात लिलावाची बोली ऐकलेल्या माणसाला आवाजाचा सौदा आणि कागदाचा सौदा एक कसा वाटेल?

त्याहून मोठा धक्का अर्थसंकल्पाच्या चर्चेनं दिला. २०१६ पर्यंत रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा असायचा आणि त्यावर बोलायला सगळ्या देशाचे खासदार रांगेत. कुणाला आपल्या गावी थांबा हवा, कुणाला उड्डाणपूल. वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो. ५४३ खासदारांत मराठवाड्याचे आठ. त्यातला एखादा मोठ्या पक्षाच्या यादीत शेवटी असेल तर त्याच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं, आणि दुसऱ्या मिनिटाला घंटी. रात्र झाली की अध्यक्षांच्या परवानगीनं उरलेल्यांची लिखित भाषणं न वाचताच पटलावर ठेवली जातात. ती छापून येतात, फक्त शेजारी एक चांदणी असते आणि खाली बारीक टीप, की हे भाषण पटलावर ठेवलं.

हे मामांना समजावताना माझी दमछाक झाली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माल मोंढ्यात आलाच नाही अन् विक्रीची पट्टी फाडली, म्हण की."

मी हसले, पण उत्तर सुचलं नाही.

मंत्र्यांच्या उत्तरांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. खर्चाचा निम्मा वाटा राज्यानं द्यायचा होता, त्यामुळे दिल्लीला मुंबईकडं आणि मुंबईला दिल्लीकडं बोट दाखवायची कायमची सोय झाली होती. काम प्रगतिपथावर असायचं, भूसंपादन चालू असायचं आणि पुढचं सगळं 'निधीच्या उपलब्धतेनुसार'. हा शब्दप्रयोग मी स्वतः अनुवादात शेकडो वेळा लिहिलाय, बिलात त्याचेही शब्द मोजून पैसे घेतलेत. बीडच्या खाटेशेजारी बसून तो मोठ्यानं वाचताना पहिल्यांदा ओशाळल्यासारखं झालं. तोवर खर्च साडेतीनशे कोटींवरून ४,८०५ कोटींवर गेला होता.

खासदार मात्र बदलत होते. केशरबाई क्षीरसागर काँग्रेसच्या, १९८९ला निवडून आलेले बबनराव ढाकणे जनता दलाचे. याच ढाकण्यांनी तरुणपणी पाथर्डीच्या प्रश्नासाठी मुंबईत विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून सभागृहात पत्रकं फेकली होती आणि त्यापायी तुरुंगवास भोगला होता. गॅलरीतून पत्रक फेकणारा माणूस पुढं त्याच तऱ्हेच्या सभागृहात नियमानं, परवानगी मागून, दोन मिनिटांत बोलत असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. मग रजनीताई पाटील, तेव्हा भाजपच्या. जयसिंगराव गायकवाड दोनदा भाजपकडून, तिसऱ्यांदा राष्ट्रवादीकडून. मग गोपीनाथराव मुंडे, मग त्यांच्या प्रीतमताई. पक्ष कुठलाही असो, बीडची मागणी तीच राहिली.

आणि या सगळ्यांच्या आधी, १९६७ला, नाना पाटील.

आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण बीड जिल्ह्यानं दोनदा लाल बावट्याचा खासदार दिल्लीला पाठवलाय. १९७७ला मार्क्सवाद्यांचे गंगाधरअप्पा बुरांडे आणि त्याच्या दहा वर्षं आधी भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील. येडेमच्छिंद्रचा माणूस, साताऱ्याचं प्रतिसरकार उभं करणारा. साताऱ्यातून १९५७ला एकदा निवडून गेलेला आणि दुसऱ्यांदा थेट आमच्या बीडमधून. लोकसभेत मराठीतून पहिलं भाषण त्यांनीच केलं असं सांगतात.

मामा तेव्हा बाविशीचे, नुकते गादीवर बसायला लागले होते. त्यांच्या दुकानात एक म्हातारा हमाल होता. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेऊन तो बोलता बोलता फळी चढायचा. नाना पाटलांच्या सभेला तो दिवसाची हमाली सोडून गेला होता. पुढं कुणीतरी मोंढ्यात सांगितलं, नाना दिल्लीतबी मराठीतच बोलतेत. हमालानं पोतं थप्पीला लावलं, कमरेचा पटका सोडून तोंड पुसलं आणि मामांच्या वडिलांना विचारलं, "मालक, मराठीत बोलले, बेस झालं. पर इंदिराबाईला कळलं का?"

"मग काय सांगितलं आजोबांनी?" मी विचारलं.

"काय सांगणार? त्यांना तरी कुठं ठाऊक. आता तू सांग, कळलं का?"

अठ्ठावन्न वर्षांनी तो प्रश्न माझ्या पुढ्यात आला. मी शोधलं ते असं. घटनेच्या १२०व्या कलमाप्रमाणे संसदेचं काम हिंदीत किंवा इंग्रजीत चालतं. ज्याला या दोन्ही भाषांत नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. पण बोलू देणं वेगळं आणि ऐकणाऱ्याला कळणं वेगळं. कानाला यंत्र लावून तिथल्या तिथं अनुवाद ऐकायची सोय लोकसभेत सुरू झाली ७ सप्टेंबर १९६४ला, तीही हिंदी-इंग्रजीपुरती. नाना साताऱ्याचे खासदार होते त्या पाच वर्षांत तर तीही नव्हती. ते मराठीत बोलले तेव्हा कळलं ते सभागृहातल्या मराठी माणसांना, आणि हिंदीवाल्यांना अंदाजानं. आता बावीस भाषांत बोलायची आणि अनुवादाची सोय झालीय. जुन्या छापील कामकाजात मात्र अशा भाषणाचं बहुतेक भाषांतरच उरतं. मूळ शब्द गेलेले आणि शेजारी पुन्हा तीच चांदणी : मूळ भाषण मराठीत.

मी स्वतः अनुवादक, म्हणून मला ही चांदणी जास्त टोचते. खुरपणी, बाटूक, कडबा, सारा, उचल असं काहीबाही बोललेल्या माणसाच्या तोंडी छापताना सभ्य इंग्रजी घातलेलं असतं, सगळं स्वच्छ आणि सपाट. कुणीतरी माझ्यासारख्याच पगारी माणसानं ते रात्रीतून केलेलं असणार. त्याला तरी काय बोल लावायचा? उलट कुठल्या तरी खोलीत बसून त्यानं ते केलं म्हणून निदान तेवढं उरलं.

"म्हणजे नाही कळलं," मामांनी निकाल दिला आणि पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी पुढं वाचू दिलं नाही.

खरी अडचण आली ती रेल्वेच्या बाहेरची भाषणं समोर यायला लागली तेव्हा. मे २०१०मध्ये लोकसभेत जनगणनेवर चर्चा झाली. गोपीनाथ मुंडे तेव्हा भाजपचे लोकसभेतले उपनेते होते. पुढच्या वर्षीच्या जनगणनेत इतर मागासवर्गीयांची मोजणी व्हावी म्हणून ते ठामपणे उभे राहिले. त्या मागणीत त्यांच्यासोबत लालूप्रसाद, मुलायमसिंह, शरद यादव अशी इतर पक्षांची मंडळी होती. देशात सगळ्या जाती मोजल्या गेल्या होत्या त्या १९३१ला. माझ्या मते बीडच्या कुठल्याही खासदारानं दिल्लीत केलेलं हे सगळ्यात वजनदार काम. गावाकडच्या वाड्यावस्त्यांवर, ऊसतोड्यांच्या टोळ्यांत जी माणसं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत त्यांना रकाना मागणारं.

मामांनी मधेच थांबवलं. "यात रेल्वे कुठाय?"

"नाही. पण हे लिहायलाच पाहिजे."

"कुठं लिहू? खातं रेल्वेचं आहे."

मी हट्टाला पेटले. मामांनी चष्मा काढला, पुसला, वहीची शेवटची पानं उलटली. तिथं एक खातं होतं ज्याला माणसाचं नावच नव्हतं. वर नुसतं 'उचंत'. आडतीत असं होतं की कुणीतरी पोराच्या हाती पैसे पाठवतो, चिठ्ठी नसते, पोराला नाव सांगता येत नाही. पैसे तर आले, वहीबाहेर ठेवता येत नाहीत आणि कुणाच्या नावावर घालावेत ते कळत नाही. ते उचंतात जातात. धनी सापडला की तिथून काढून त्याच्या खात्यावर.

"उचंतात टाकू," मामा म्हणाले.

मग उचंतात भर पडत गेली. घटनेचं ३७१(२) कलम त्यात गेलं. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीनं मराठवाड्यासाठी विकास मंडळाची तरतूद झाली आणि मंडळ प्रत्यक्षात आलं १९९४ला. अडतीस वर्षांनी! ३० एप्रिल २०२०ला त्याची मुदत संपली ती संपलीच. इथं मामा फार चिडले, कारण त्यांना बिदरकडचं ठाऊक होतं. बिदर, गुलबर्गा, रायचूर आपल्यासारखेच निजामाच्या राज्यातले जिल्हे. त्यांच्या खासदारांनी संसदेत लावून धरलं आणि २०१२ला ९८वी घटनादुरुस्ती करून घेतली. ३७१-जे आलं, नोकऱ्यांत आणि कॉलेजच्या जागांत तिकडच्या सहा जिल्ह्यांना वाटा मिळाला. "एकाच घरातली दोन भावंडं. एकाला वाटणी, दुसऱ्याला नुसता उतारा," मामा म्हणाले. हे वाक्य मी त्यांना वहीत लिहायला लावलं.

शिवराज पाटील चाकूरकरांवरून मात्र आमचं जमलं नाही. लातूरमधून १९८० ते १९९९ सलग सात वेळा निवडून आलेला माणूस. १९९१ ते ९६ लोकसभेचे अध्यक्ष. त्यांच्या काळात, १९९३ला, खात्यागणिक सतरा स्थायी समित्या आल्या. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांची खरी छाननी तेव्हापासून त्या बंद खोल्यांतून व्हायला लागली, कॅमेऱ्यापासून लांब. मी म्हटलं, अध्यक्ष स्वतः चर्चेत भाग घेत नाही, इतरांना बोलायची जागा करून देतो, हे केवढं काम. मामांनी ऐकून घेतलं. "लातूरला रेल्वे आपल्या आधी कशी आली, ते सांग." बार्शी लाइटची छोटी गाडी इंग्रजांच्या काळापासून लातूरला जात होती, त्यात चाकूरकरांचा काय संबंध? पण मोंढ्यात शेजारच्या आडत्याबद्दल असतो तो मत्सर तर्कानं जात नाही. समित्यांची नोंद शेवटी मीच केली, माझ्या अक्षरात, आणि ती त्या पानावर परकी दिसते.

जातगणनेच्या नोंदीवर आम्ही पुन्हा आलो. मी बीडला जायच्या काही दिवस आधी, ३० एप्रिलला, केंद्रीय मंत्रिमंडळानं येत्या जनगणनेत जाती मोजायचा निर्णय घेतला होता. मुंडे ३ जून २०१४लाच गेले, मंत्री होऊन आठवडा झाला होता फक्त. मी म्हटलं, "मामा, पंधरा वर्षांनी का होईना वसुली झाली. उचंतातून काढा आता."

"कुणाच्या खात्यावर घालू?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या आठवड्यात हा निर्णय आमच्यामुळेच झाला असं सगळेच पक्ष सांगत होते. दिल्लीपासून बीडच्या चौकातल्या फलकापर्यंत जो तो धनी.

"मग राहू दे तिथंच," मामा म्हणाले.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला गाडी आली. तीन वर्षांपूर्वी ती आष्टीपर्यंत येऊन थांबली होती. त्या महिन्यात पावसानं जिल्ह्याची दैना केली होती, शेतांत पाणी उभं होतं. तरी माणसं चिखल तुडवत, पोरं खांद्यावर घेऊन आली. मुख्यमंत्र्यांनी हिरवी झेंडी दाखवली. भाषणं झाली, ज्यानं त्यानं आपापल्या नेत्याची आठवण काढली. मामांना मी कडेला खुर्चीवर बसवलं होतं. गाडीत बसू का म्हणून विचारलं तर नको म्हणाले. शेवटच्या डब्याच्या पाठीवरचं काहीतरी वाचायचा प्रयत्न करत, डोळे बारीक करून बघत राहिले. गाडी हलल्यावर शेजारच्या पोरानं मोबाईल वर धरून ओरडायला सुरुवात केली. मामांनी त्याला हातानं खुणावलं, जरा बाजूला हो.

घरी आल्यावर पाय धुऊन, चहा घेऊन त्यांनी वही मागवली. जमेच्या बाजूला, १९९५च्या लाल ओळीखाली, तारीख घातली आणि लिहिलं : 'बीडपर्यंत आली.' लाल शाईचं पेन सापडेना म्हणून निळ्यानंच लिहिलं. नावेची बाजू आम्ही मे महिन्यात पुरी केली होती, दोन पानं भरून, तों. आणि का. सकट.

"झालं की मग. खातं बंद करा," मामेभाऊ म्हणाला.

मामांनी त्याच्याकडं बघितलं, जसं हिशेबात चुकलेल्या दिवाणजीकडं बघावं. "परळी कुठाय?"

त्यांनी पट्टी घेतली. दोन्ही बाजूंखाली रेघ मारली, नवं पान काढलं, वर 'श्री' लिहिलं आणि पहिल्या ओळीत 'मागील बाकी पुढे ओढली'. मग पेनाचं टोपण लावता लावता मला म्हणाले, "हिवाळी अधिवेशन कधी बसायलंय गं?"